वाढीव डोस

"कर्णिक, हे काय आहे ते तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

भडकमकर सरांनी बाटली दोन बोटांत धरून उंच केली. मेलेला उंदीर शेपटीला धरून दाखवावा तशी.

शनिवार होता. शनिवारी आमच्या केंद्रात 'आरसा' असे. म्हणजे सगळ्यांनी सतरंजीवर गोल करून बसायचं, एकाला मध्ये घ्यायचं आणि तो किती नालायक आहे हे बाकीच्यांनी त्याला प्रेमाने सांगायचं. 'प्रेमाने' हा शब्द सरांचा. त्या शनिवारी मध्ये मी होतो.

बाटली पांढरी, प्लास्टिकची. लेबल नखाने खरवडून काढलेलं, गोंदाचे पट्टे तेवढे राहिलेले. झाकणाखाली कापसाचा बोळा आणि बोळ्याखाली गोळ्या. सरांना ती माझ्या शबनममध्ये सापडली होती. सापडली म्हणजे, मी संडासात असताना त्यांनी शबनम उलटी केली होती. केंद्रात याला 'विश्वासाची तपासणी' म्हणत.

मी म्हणालो, व्हिटॅमिन आहे.

"व्हिटॅमिनच्या बाटलीचं लेबल कोण खरवडतं? आणि वर हा कापूस कशाला?"

कापूस कशाला, ते मला नेमकं माहीत होतं. चालताना बाटली वाजू नये म्हणून. पण हे सांगितलं तर ती का वाजू नये तेही सांगावं लागणार होतं. मी गप्प बसलो. नाक मात्र गप्प बसेना. ते गेले काही आठवडे वाहत होतं. त्यातच मला जांभई आली, आणि पाठोपाठ दुसरी. मे महिन्याच्या उकाड्यात हातावर काटा उभा राहिला.

"बघा," सर मंडळाकडे वळून म्हणाले. "नाक, जांभया, काटा. शरीर खोटं बोलत नाही. बी.ए. झालेला माणूस बोलतो."

मंडळी हसली. त्यांना दोष देत नाही. पुढच्या शनिवारी मध्ये बसायची पाळी त्यांच्यातल्याच कोणाचीतरी होती.

भडकमकर सर निवृत्त हेडमास्तर. अख्खी नोकरी नागरिकशास्त्र शिकवलं. त्या मुलांतून किती नागरिक निघाले कोण जाणे, पण काम अपुरं राहिल्यासारखं वाटलं असावं. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी गर्दुल्ले घेतले. केंद्राचं नाव मी सांगत नाही. आपल्याकडे प्रत्येक गावात त्याच नावाचं एक केंद्र, एक मंगल कार्यालय आणि एक पतसंस्था असते. आमचं खाडीकाठच्या गावात होतं, सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून.

मी तिथे पोहोचलो तो सगळा रस्ता सांगण्यासारखा नाही. वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. रात्रपाळीत एका मित्राने गर्दचा पहिला झुरका दिला. पुढे झुरका पुरेना म्हणून सुई आली, आणि सुई चौघांत एक असे. त्या काटकसरीचं फळ पुढे कळलं. नोकरी गेली, भाड्याची खोली गेली. शेवटी विजूताईने, माझ्या थोरल्या बहिणीने, मला पुलाखालून उचलून घरी आणलं. भाऊजींनी एकच अट घातली. केंद्राने दिलेली शिस्त पाळायची. ज्या दिवशी भडकमकर सरांचा फोन येईल की हा घसरला, त्या दिवशी याची पिशवी दाराबाहेर. भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. दरवाजे कधी उघडायचे नि कधी बंद करायचे एवढंच त्यांना कळे, पण ते पक्कं कळे.

तर अट सोपी होती. घसरायचं नाही. आणि मी घसरलो नव्हतो. हीच सगळी पंचाईत होती.

केंद्रात रोज सकाळी आम्हाला मेथाडोनचं सिरप मिळे. गर्दच्याच गोत्रातलं, पण चार लोकांत बसण्यासारखं औषध. नशा आणत नाही, तलफ दाबून ठेवतं, माणूस आंघोळ करून कामाला जाऊ शकतो. सिस्टरसमोर प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं आणि निघायचं. पण 'औषध' म्हटलेलं सरांना खपत नसे. औषध म्हटलं की आजार आला, आजार आला की गुन्हा गेला, आणि गुन्हाच गेला तर सर काय सुधारणार? म्हणून सिरपला 'तीर्थ' म्हणायचं. त्यात एकदा एका नगरसेवकाने केंद्रावर मोर्चा आणला, 'सरकारी पैशाने नशा वाटणं बंद करा' म्हणून. तेव्हापासून भरती होणाऱ्या प्रत्येकाला समईवर हात धरून शपथ घ्यावी लागे, की केंद्राबाहेर, बायकोसमोर, डॉक्टरसमोर, कुठेही मेथाडोनचा उच्चार करणार नाही.

डोस डॉ. गोडांबे ठरवत. म्हणजे सर ठरवत आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. गोडांबे आठवड्यातून एकदा येऊन सह्या करत.

ही झाली भिंतीच्या अलीकडची गोष्ट. भिंतीपलीकडे, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एचआयव्हीच्या गोळ्या मिळत. तिथल्या डॉक्टर शेहनाज मुकादम. अंगाने बारीक, आवाजाने जिल्हाधिकारी. त्यांनी माझे रिपोर्ट बघून संध्याकाळी घ्यायची एक गोळी सुरू केली होती आणि सांगितलं होतं, ही एक दिवसही चुकवायची नाही, जन्मभर. नंतर समुपदेशकाने मला खोलीत बसवून माझे हक्क समजावले. तुमचा आजार ही तुमची खाजगी बाब आहे, कोणाला सांगायची सक्ती नाही, कोण तुम्हाला विचारूही शकत नाही. आणि उठताना दाराशी हळूच म्हणाला, "सांगूच नका. समाज अजून तयार नाही."

ही दुसरी शपथ. समईशिवाय.

गोळ्या घेऊन बाहेर पडलं की गेटमागे पिंपळाखाली सगळेच थांबत आणि बाटलीचं लेबल खरवडत. पाराभोवती त्या कागदाचे कपटे लग्नातल्या अक्षतांसारखे पडलेले असत.

भिंतीला एक भगदाड होतं. वाकून जाता येईल एवढं. त्यातून कुत्री जात आणि आम्ही जात असू. सर आणि डॉक्टर मंडळी वाकत नसत. त्यांना रस्त्याने वळसा पडे, आणि वळसा पडतो म्हणून त्यांनी एकमेकांकडे जाणंच सोडलं होतं. भगदाडाची एक रीत होती. अलीकडे ओळख असलेला माणूस पलीकडे दिसला तर ओळखायचं नाही. माझ्या नुसत्या तपासण्या चालू होत्या तेव्हा मी तिथे पास्कूला पाहिलं होतं आणि पास्कूने मला. दोघांनीही बराच वेळ पंख्याकडे बघितलं होतं.

पलीकडची गोळी सुरू झाल्यावर पंधरवड्याच्या आत अलीकडचं तीर्थ पचेनासं झालं. सकाळी प्यायलेलं दुपारपर्यंत टिकायचं. मग नाक, जांभया, पाय पिळवटून निघणं, पोटात ढवळणं. हे मला पाठ होतं. गर्द न मिळालेल्या माणसाचं शरीर असंच वागतं. फक्त तेव्हा ते का वागतं ते कळायचं, आता कळत नव्हतं. मी सरांकडे जाऊन म्हणालो, डोस कमी पडतोय, थोडा वाढवा.

केंद्राच्या इतिहासात याहून वाईट वाक्य कोणी बोललं नव्हतं. डोस मागणं म्हणजे जिभेची चटक. चटक म्हणजे बाहेर काहीतरी चालू. सरांनी लघवी तपासायला लावली. तीत काही निघालं नाही. तेव्हा ते म्हणाले, "मशीनला फसवता येतं. मला नाही." आणि धडा म्हणून डोस थोडा कमी केला. डॉ. गोडांबेंनी सही केली.

आणि आता ही बाटली.

सरांनी निकाल दिला. सोमवारपासून डोस आणखी कमी. जूनमध्ये अमली पदार्थ विरोधी दिनाला माझा सत्कार व्हायचा होता, 'आदर्श व्यसनमुक्त : श्री. निरंजन कर्णिक, बी.ए.' असं पत्रिकेत छापूनही झालं होतं. तो रद्द. केंद्रात पदवीधर मी एकटाच असल्याने सरांना याचं खरोखर वाईट वाटत होतं. भाऊजींना फोन संध्याकाळी.

"पण त्याआधी पंचनामा," ते म्हणाले. "माझ्यावर कोणी आकसाचा आरोप करायला नको. जेवण झालं की हॉस्पिटलात जाऊ. तिथे त्या मुकादमबाई बसतात. हा कुठला नवा अंमल आहे ते त्या ओळखतील. तुम्हीही चला."

गावात एवढे डॉक्टर असताना त्यांना नेमक्या त्याच सापडल्या. मी हसलो. सरांनी तेही नशेच्या खात्यात टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत मी भिंतीकडेच्या चहावाल्याकडे गेलो. चहा पोटात राहणार नव्हता, पण हातात धरायला बरा. पास्कू आला आणि शेजारी उकिडवा बसला. पास्कल डाबरे, वसईकडचा. पूर्वी टेम्पो चालवायचा. आता त्याचे गाल भरले होते, शर्टाला इस्त्री होती. मला तो 'एडिटर' म्हणे.

"गेली ना बाटली?" तो म्हणाला. "बेस झालं."

अलीकडे बसून पलीकडचं बोलायची रीत नव्हती.

"ऐक एडिटर. माझं पण तुझ्यासारखंच झालेलं. नाक, पाय, सगळं. सरांनी मला आरशात बसवला, डोस कापला. मला वाटलं आता पुन्हा पूल. मग एक दिवस गोळ्या घ्यायला विसरलो. दुसऱ्या दिवशी पण नाय घेतल्या. आठवड्याभरात माणूस झालो." त्याने चहाचा घोट घेतला. "ती बाटली बंद केली की ही बाटली चालते. दोघी एका घरात नांदत नाय. मी माझी खाडीत टाकली, नाताळच्या आधी."

"आणि ती न घेऊन काय होतं ते माहीत आहे?"

"होतं ते नंतर होतं. पाच वर्षांनी, धा वर्षांनी. डोस नाय पुरला तर काय होतं ते आज दुपारी होतं." त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "तू बघ ना तुझ्याकडे. दोघांतला पेशंट कोण दिसतो?"

हा हिशोब चुकीचा होता, पण त्या दुपारी त्याच्यात मला चूक सापडेना. बाटली सरांच्या खिशात होती. ती परत न मागणं एवढंच मला करायचं होतं. आठवड्याभरात गाल भरले असते. सरांनी 'धडा लागू पडला' म्हणून सत्कार परत दिला असता. भाऊजींच्या हातून शाल, ताईच्या घरची माडीवरची खोली कायम, आणि पुढे कधीतरी, सावकाश, मरण. आणि बाटली मागितली तर आज पाय पिळवटणार, उद्या पिळवटणार, आणि परवा मी पुलाखाली जाऊन चौघांत एक सुई शोधणार. मी स्वतःला चांगला ओळखत होतो. त्या माणसावर मीही पैज लावली नसती.

आम्ही रस्त्याने वळसा घालून गेलो. सर पुढे, छत्री उघडून. मागे मी, दर शंभर पावलांवर नाक पुसत. वाटेत ते मला इच्छाशक्तीबद्दल सांगत होते. गोष्टीत एक हत्ती होता, साखळीने बांधलेला. मी उलटी करायला थांबलो तेव्हा हत्तीही थांबला.

डॉ. मुकादम खिडकीशी बसून डबा खात होत्या. मला पाहिलं, आणि ओळख दाखवली नाही. पलीकडचीसुद्धा रीत पक्की होती.

सरांनी बाटली टेबलावर ठेवली, प्रस्तावना केली आणि विचारलं, ह्या गोळ्या कसल्या?

बाईंनी कापूस काढला. एक गोळी तळहातावर घेतली. ती गोळी त्या रोज शेकड्यांनी वाटत होत्या. त्यांनी ती परत बाटलीत टाकली.

"कोणाकडे मिळाली?"

"आमच्या एका लाभार्थ्याकडे," सर म्हणाले आणि माझ्याकडे न बघण्याचा मोठेपणा दाखवला.

"मग मला सांगता येणार नाही."

"ओळखता आली नाही?"

"ओळखली. सांगता येणार नाही."

सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी पुढे एकदाच पाहिलं, सत्काराच्या स्टेजवर. "कर्णिक, डॉक्टरसुद्धा नाव घेत नाहीत. म्हणजे हे काय असेल याची कल्पना करा."

बाई म्हणाल्या, तसं काही नाही, ती अपायकारक नाही. सर म्हणाले, मग नाव सांगा. बाई म्हणाल्या, नियम आहे. सर म्हणाले, नियम मीही पाळतो, चाळीस वर्षं पाळतोय. दोघांचेही आवाज चढले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोन बरोबर माणसांच्या मध्ये मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो, पाय थरथरत होते आणि घाम गार पडला होता. डॉक्टर त्या थरथरीकडे बघत होत्या. त्यांना ती दिसत होती, कळत नव्हती. त्यांनी मला पहिल्या दिवशी स्पष्ट विचारलं होतं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. मी समईला स्मरून 'नाही' म्हणालो होतो.

सरांनी बाटली उचलली आणि खिशात टाकली. "मी ही नष्ट करतो," ते म्हणाले.

माझं काम आयतं होत होतं. दोन मिनिटं तोंड बंद ठेवायचं होतं. पास्कूने पाच-सहा महिने ठेवलं होतं.

मला शौर्य वगैरे आलं नाही. आला तो राग. अगदी साधा, भाजीवालीने सडका टोमॅटो घातल्यावर येतो तेवढाच. मला वाटलं, ह्या दोन शहाण्यांची अब्रू राखण्यासाठी मी मरायचं, आणि तेही शिस्तीत?

"सर," मी म्हणालो, "मला एचआयव्ही आहे. त्या गोळ्या त्याच्या आहेत, ह्या मॅडमनी दिलेल्या. आणि मॅडम, मी यांच्याकडे रोज मेथाडोन घेतो. तुमची गोळी सुरू झाल्यापासून ते मला पुरत नाही."



सरांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाईंनी डब्याचं झाकण लावलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. खरोखर मारला, आवाज आला.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"शपथ होती."

"कसली शपथ?" त्या सरांकडे वळल्या. सर भिंतीवरच्या हात धुण्याच्या तक्त्याकडे बघत होते.

मग बाईंनी जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला लाज वाटली, माझी नाही, सगळ्यांचीच. ही गोळी लिव्हरला जादा कामाला लावते. ते जादा काम म्हणजे मेथाडोन पोटात पडलं की त्याचा फडशा पाडणं. निम्मं औषध कामाला लागण्याआधीच संपतं. माणसाने गर्द घेतलेला नसतो, जिभेला चटक नसते, त्याला औषधच कमी मिळत असतं. उपाय काय? मेथाडोन हळूहळू वाढवायचं. गोळी अजिबात थांबवायची नाही. आणि वाढवलेल्या डोसवर गोळी अचानक सोडायचीही नाही, नाहीतर मेथाडोन अंगावर येईल आणि माणूस झोपेतून उठणार नाही.

"वाढवायचा?" सर म्हणाले. एवढ्या भाषणातून त्यांनी एकच शब्द उचलला होता.

बाईंनी तिथूनच डॉ. गोडांबेंना फोन लावला. दोघे मेडिकलला एका वर्गात होते. महिन्यापूर्वी बॅचच्या स्नेहसंमेलनात एका टेबलावर जेवलेही होते, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. फोनमधला आवाज आम्हाला ऐकू येत होता. "अगं हो शेहनाज, होतं ना तसं. पुस्तकातलं आहे. परीक्षेला विचारतात." बाईंनी विचारलं, मग तू सही कशी केलीस? पलीकडून म्हणाले, "मला कुठे माहीत तो तुझाही पेशंट आहे?"

म्हणजे आजार ह्या गावात ठाऊक होता, उपाय ठाऊक होता, दोघांनी मिळून त्यावर बासुंदीही खाल्ली होती. फक्त पेशंट मध्ये येत होता.

परत जाताना हत्ती निघाला नाही. गेटपाशी सर म्हणाले, "कर्णिक, एवढी मोठी गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवलीत." ते मनापासून दुखावले होते. मी भगदाडातून गेलो. ते वळसा घालून आले.

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना फोन केलाच. घसरलो नाही, हे सांगायला. आणि काय आहे, तेही सांगितलं, काळजीपोटी. मी घरी पोहोचलो तेव्हा पिशवी भरून दारात होती. भाऊजींचं म्हणणं असं, की व्यसन वेगळं आणि हे वेगळं. ताई आतून आली. तिने पिशवी उचलली, माडीवर नेऊन ठेवली आणि जिन्यातूनच म्हणाली, "पुलाखालून आणला तेव्हा तो तुम्हाला स्वच्छ वाटला होता का हो?" भाऊजी पेपर वाचायला लागले. पुढची कित्येक वर्षं त्या घरात माझं ताट वेगळं होतं. चुकून बदलू नये म्हणून त्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तो ताईने लावला होता की भाऊजींनी, हे मी कधी विचारलं नाही. जेवण त्यात सारखंच लागे.

डोस वाढला. हळूहळू, बाईंनी सांगितलेल्या बेताने. नाक थांबलं, पाय माझे झाले. सर दर वेळी सिस्टरकडून सिरपची बाटली घेऊन डोस स्वतः मोजत आणि 'वाढीव' हा शब्द सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारत.

सत्कार पास्कूचा ठरला. वाढीव डोस घेणाऱ्याला आदर्श म्हणता येत नाही, हे मलाही पटलं. मी त्याला भगदाडापाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. दोघी एका घरात नांदतात म्हणून सांगितलं. अलीकडची जरा वाढवून घ्यायची, एवढंच. उद्या माझ्याबरोबर बाईंकडे चल.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सत्कार होऊ दे एडिटर. गावाकडनं आई येणार बघायला. आत्ता डोस वाढवला तर सर दुसऱ्याला बसवतील खुर्चीवर. नंतर जातो ना. पळतंय काय हॉस्पिटल?"

सत्कार झाला. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. पालकमंत्री मागच्या बाजूने येणार म्हणून आदल्या दिवशी भगदाड विटांनी बुजवून त्यावर चुना मारला होता. पास्कूची आई पहिल्या रांगेत होती, नऊवारीत, डोळे पुसत. सर म्हणाले, "ह्या मुलाने आमच्याकडे एक थेंबही वाढवून मागितला नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्याची आई मागे वळून बघत होती.

मग सरांनी त्याला केंद्राचा स्वयंसेवक केलं. निळा शर्ट, छातीवर बिल्ला. शनिवारी तो सरांच्या उजव्या हाताला बसे आणि मधल्या माणसाला स्वतःचं उदाहरण देई. उदाहरणाला डोस वाढवून मागता येत नाही. मी दर आठवड्याला त्याला आठवण करायचो आणि तो म्हणायचा, ह्या महिन्यात नको, पाहुणे येणार आहेत. ह्या महिन्यात नको, शाळांचे कार्यक्रम आहेत. बाईंनी दोनदा त्याच्या पत्त्यावर माणूस पाठवला. पत्ता खोटा होता. तो आम्ही सगळ्यांनीच खोटा दिलेला असे.

पाच वर्षं लागली नाहीत. दहा तर नाहीच. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला खोकला लागला, गाल उतरले. शाळेतल्या मुलांना तो व्यसनाने माणसाचं काय होतं ते सांगायचा, आणि मुलांना ते दिसायचं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा मुकादमबाईंनी त्याला ओळखलं, या वेळी उघड ओळखलं, पण काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. मी पलंगाशी बसलो होतो. तो म्हणाला, "एडिटर, सरांना सांगू नको हां. निमोनिया सांग."

मी निमोनिया सांगितलं. ती तिसरी शपथ.

शोकसभा केंद्रातच झाली. सतरंजीवर गोल करून. मध्ये स्टुलावर पास्कूचा फोटो होता, सत्काराच्या दिवशीचा, शाल पांघरलेला. सर बोलायला उठले. रुमाल काढून डोळे पुसले. ते रडणं खरं होतं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. मग म्हणाले, "शेवटपर्यंत. शेवटच्या श्वासापर्यंत एक थेंब वाढवून मागितला नाही."

फोटो सिस्टरच्या टेबलामागे, तीर्थाच्या कपाटावर लावला. त्याखाली 'आमचा आदर्श' अशी पितळी पट्टी. आता माझी गोळी बदलली आहे, नवी गोळी मेथाडोनच्या वाटेला जात नाही. पण तेव्हा पुढची कितीतरी वर्षं मी रोज सकाळी त्या फोटोखाली उभा राहून वाढीव डोस प्यायलो, आणि तोंड उघडून दाखवलं.